धुक्यात फ्लॅश मारू नका, आणि कॅमेरा हीटरपुढे तर मुळीच धरू नका

‘धुक्यातल्या तळ्याचे फोटो : पाच हमखास युक्त्या’ हा मेसेज साताऱ्याच्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. काल तो भाच्याने पाठवला. रविवारी तो नवा कॅमेरा घेऊन महाबळेश्वरला वेण्णा तलावावर जाणार आहे. या पाच युक्त्या पाळल्या तर फोटो जातीलच, कॅमेराही जाईल.

पहिली युक्ती : ‘फ्लॅश मारा, धुकं फाटतं.’ पसरणी घाटात धुक्यात अप्पर लावून पाहिलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. समोर पांढरी भिंत उभी राहते. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. फ्लॅशचा प्रकाश जवळच्या थेंबांवर आपटून थेट लेन्समध्ये परत येतो आणि फोटोत पांढरे गोळे उमटतात. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश पोचतो काही मीटर, पलीकडचा काठ त्याच्या कित्येक पट लांब. मोबाइलवरचा ऑटो फ्लॅशही घरून निघतानाच बंद करा.

दुसरी : ‘धुकं पांढरं असतं, म्हणून एक्स्पोजर कमी करा’, म्हणजे फोटोत प्रकाश कमी घ्या. नेमकं उलटं. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे पांढरं धुकं आधीच राखेच्या पाण्यासारखं मळकट येतं. त्यात आणखी कमी केलं तर काय उरणार? अधिक दोन तृतीयांश ते अधिक एक स्टॉप द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), हिस्टोग्राम म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख उजवीकडे सरकू द्या, पण उजव्या कडेला चिकटू देऊ नका. मोबाइलवर धुक्यावर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह वर सरकवा. सूर्याचा गोळा फ्रेममध्ये असेल तर मात्र कमी करावं लागतं. तेवढ्यापुरतं मेसेजचं म्हणणं मान्य.

तिसरी, पोलरायझर म्हणजे चकाकी अडवणारा फिल्टर लावला की धुकं ‘कापलं जातं’. नाही जात. दाट धुक्यात प्रकाश इतक्या थेंबांवरून उसळून येतो की पोलरायझरला अडवण्यासारखं फारसं काही उरत नाही. उलट एक-दोन स्टॉप प्रकाश जातो आणि पाण्यातलं होड्यांचं प्रतिबिंबही पुसलं जातं. प्रतिबिंबासाठी तर तिथे जायचं!

चौथी युक्ती वाचून खरा संताप आला : ‘कॅमेऱ्यावर वाफ धरली तर लेन्स काढून हीटरपुढे धरा, मग रात्रभर तांदळात ठेवा.’

वाफ धरते कशी ते आधी पाहा. पहाटे दोन तास बाहेर राहून कॅमेरा ८ अंशांपर्यंत गार झाला. खोलीत २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन बसू लागते ते तापमान, सुमारे १६ अंश येतो. त्याहून गार असलेल्या प्रत्येक काचेवर आणि धातूवर पाणी धरणारच. अशा वेळी लेन्स काढली की खोलीतली तीच दमट हवा गार सेन्सरपर्यंत जाते. हीटरच्या झोताने वरची वाफ उडते, आतली आतच फिरते. शिवाय लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन पसरतं. कॅननच्या कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये उपाय स्पष्ट दिलाय : थंडीतून उबदार खोलीत नेण्याआधी कॅमेरा हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तापमान जुळल्यावरच बाहेर काढा; वाफ धरलीच तर ती पूर्ण उडेपर्यंत कॅमेरा वापरू नका. म्हणजे झिपची पिशवी, तीही तलावाच्या काठावरच बंद केलेली. तासभर तरी उघडू नका. फोटो बघायची घाई असेल तर कार्ड बाहेरच काढून घ्या.

तांदळाची भुकटी फटींत शिरते. ॲपलनेही आयफोन तांदळात ठेवू नका असं लेखी सांगितलंय. मग लेन्स बदलायच्या कॅमेऱ्याचं काय होईल? दमटपणा काढायला सिलिका जेल वापरा. ओल तशीच राहिली तर काचेवर बुरशी चढते.

पावसाळ्यात कासला जाताना प्रकार उलटा होतो. एसी गाडीत गार झालेला कॅमेरा बाहेरच्या दमट हवेत काढला की क्षणात काच पांढरी. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा.

पाचवी : ‘अंधारात पोचा, उजाडलं की खेळ संपला.’ अर्धं खरं, अंधारात पोचावंच. पण हिवाळ्यात पाण्यावरची वाफ बहुधा सूर्योदयाच्या सुमारासच जोरात असते, कारण हवा तेव्हा सर्वांत गार आणि पाणी त्यामानाने कोमट असतं. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. कोवळं ऊन वाफेतून आडवं येऊ लागतं ते त्यानंतर, तेव्हा साडेआठपर्यंत तरी ट्रायपॉड उचलू नका.

फोकसबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, आणि सगळ्यात जास्त फोटो तिथेच फसतात. धुक्यात ऑटोफोकसला पकडायला कडा मिळत नाही, लेन्स नुसती मागेपुढे फिरत राहते. बांधलेल्या होडीच्या टोकावर किंवा काठाच्या झाडाच्या खोडावर फोकस घ्या, लगेच मॅन्युअलवर टाका आणि रिंगला हात लावू नका. लेन्सच्या तोंडावरचं हूड लावलेलंच ठेवा. दर पाच मिनिटांनी समोरची काच बघा. दव दिसलं तर कोरड्या मायक्रोफायबरने टिपा, तोंडाची वाफ मारून पुसू नका.