रिकामी खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही
'मार्केटिंग आणि इव्हेंट मॅनेजमेंटसाठी पदवी कशाला, हे काम मांडवात उभे राहूनच शिकता येते' असे मत एका लेखात वाचले; ते मला पटले नाही. इंदूरमध्ये ८ ते १० जानेवारी २०२३ या काळात प्रवासी भारतीय दिवस झाला आणि लगेच ११ व १२ जानेवारीला जागतिक गुंतवणूकदार परिषद भरली. एकापाठोपाठ एक असे दोन सोहळे पार पाडताना निवास, वाहतूक, सुरक्षा आणि भोजन यांचे वेळापत्रक एकमेकांत गुंतवावे लागते. ते केवळ हौसेने जमत नाही.

मार्केटिंगचे अभ्यासक मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेल्या उत्पादन, किंमत, स्थळ व प्रसार या मार्केटिंगच्या चौकटीत बूम्स आणि बिटनर या अभ्यासकांनी १९८१ मध्ये माणसे, प्रक्रिया आणि प्रत्यक्ष दिसणारे वातावरण यांची भर का घातली, हे समजले की कार्यक्रम ही साठवून न ठेवता येणारी सेवा आहे, हे उमगते. आपल्या मराठी नाटकाच्या प्रयोगात रिकामी राहिलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, म्हणून तिकिटाचा दर आणि प्रसिद्धीची वेळ आधीच ठरवावी लागते. गणेशोत्सवात मंडळांची कामे करताना हे मला फार उशिरा कळले.

कायद्याचेही तसेच आहे; तोही आधीच शिकलेला असावा लागतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मात्र पदवी नुसती पुस्तकी राहू नये, म्हणून विद्यापीठांनी किमान एका सत्रात प्रत्यक्ष कार्यक्रम जमाखर्चासह विद्यार्थ्यांच्या हाती सोपवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.