निकाली नाही

आमच्या घरात 'नाद' म्हणजे तीनच गोष्टी: कुस्ती, फुटबॉल आणि कबुतरं. चौथी मी आणली, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि अडलं तिथं फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली अमेरिकेत निघाला. प्राथमिक नियम फुकट मिळतात. पेन्सिल, कागद आणि फासे असले की झालं. स्वस्तातला नाद म्हणून मी यात पडलो.

फासे सात लागतात. 4, 6, 8, 12, 20 बाजूंचा एकेक आणि 10 बाजूंचे दोन. एका संचात भागतं. पण संच सारखा एकच दान पाडायला लागला की तो 'पनवती' ठरतो. सध्या माझ्याकडं 14 संच आहेत. "जुगारी माणसंसुद्धा पत्त्यांच्या एका कॅटात भागवतात," इति बायको. मग पुस्तकं. मुख्य तीन, एकेक जवळपास 50 डॉलरचं. माझी 2014 ची. 2024 पासून सुधारित यायला लागली. जुन्यावरही खेळता येतं, हे मी बायकोला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

पैसा परत मिळवता येईल, रविवार नाही. पाचजणांना एकत्र आणायचं म्हणजे सोयरीक जमवणं परवडलं. गुजरीतल्या सराफाला लगीनसराई, डॉक्टरला ड्युटी, मास्तरला पेपर, आणि शिरोळच्या गड्याकडं नेमकी ऊसतोडीची टोळी आलेली. जमले, तरी पहिला दीड तास भडंगात जातो. परवा एका दारापुढं पावणेदोन तास खल झाला. दार उघडंच होतं.

गोष्ट रचणारा मी. पन्हाळ्यावरून किल्ला बेतला, अंधारबावीत राक्षस बसवला, तीन रात्री नकाशा रंगवला. मंडळी किल्ल्याकडं फिरकलीच नाहीत. पायथ्याच्या चहावाल्याशी, ज्याला मी नावही दिलं नव्हतं, रात्री साडेनऊपर्यंत बोलत बसली.

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती-मैदानात उभी हयात गेलेल्या बाबांनी विचारलं, "कोण जिंकलं?"

"यात कोण जिंकत नाही, बाबा."

"किती वर्सं चाललंय?"

"चार."

"चार वर्सं, आणि निकाली न्हाई?"

त्याच रात्री पाणी प्यायला उठलेल्या बाबांच्या टाचेत चार बाजूंचा फासा घुसला. कसाही पडला तरी त्याचं एक टोक वरच असतं, गोखरूसारखं. अख्खी गल्ली जागी झाली.

"या काट्याला पैसं मोजलंस?"

मी गप्प. आतून आईचा आवाज आला, "कबुतरांच्या शाळूचा हिशेब काढू का? पोतं-पोतं घालत होता."

बाबा टाच चोळत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "लाईट लाव. अजून किती पडल्यात ते बघ आधी."