चवदार तळ्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजबाबत खुलासा

‘महाडला कायदा मोडून पाणी प्यायले आणि डिसेंबरात घाबरून मागे फिरले’ असा एक मेसेज रायगड-रत्नागिरीच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव 1923 सालीच केला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांसोबत अस्पृश्य मानले गेलेले लोक तळ्यात उतरले, ओंजळीने पाणी प्यायले. म्हणजे त्यांनी हक्क बजावला, मोडलं काहीच नाही. मंदिरात घुसणार अशी आवई उठवून जमावाने मात्र त्यांच्यावर हल्ला केला. जेवायला बसलेल्यांनाही सोडलं नाही. आपली माणसं चवताळली होती. ‘उलट हात उचलू नका’ असं त्यांना बाबासाहेबांनी समजावलं. अशा वेळी हात आवरायला किती छाती लागते, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा मनाशी विचारून पाहावं.

आता डिसेंबर. विरोधकांनी कोर्टात दावा लावून तळ्याचं पाणी घेण्याविरुद्ध मनाईहुकूम आणला होता. तरीही सत्याग्रहाची परिषद भरली, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवर. मुंबईची मंडळी बोटीने दासगाव बंदरात उतरून पायी महाडला आली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पाणी घेणं तेवढं कोर्टाच्या निकालापर्यंत पुढे ढकललं, तेही भर परिषदेत, चर्चा करून. यात पळ कुठे आहे?

तो दावा दहा वर्षं लढवला गेला. मार्च 1937 मध्ये हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही टाका.