भाचीचे नाव सुरंगी ठेवले, त्याबद्दल

गेल्या महिन्यात दादाला मुलगी झाली आणि आत्या म्हणून तिच्या कानात नाव सांगण्याचा मान माझ्याकडे आला. बारशापर्यंत वेंगुर्ल्याच्या आमच्या घरात नावावरून जी चर्चा चालली, तिच्यातून माझे जे मत पक्के झाले ते येथे मांडते आहे.

वहिनीला वेगळे नाव हवे होते आणि ती इच्छा मला अगदी रास्त वाटते. प्रश्न होता तो वेगळेपण कोठे शोधायचे याचा. मोबाइलवरच्या याद्यांत मायरा, कियारा, अनायरा अशी नावे होती. एकाच नावाचे दोन याद्यांत दोन अर्थ दिलेले होते, आणि घरोघरी त्याच याद्या उघडल्या जात असल्याने त्यांतले वेगळेपण दोन-तीन वर्षांत संपते. मला वाटते, नाव असे असावे की मुलगी मोठी झाल्यावर तिला हाताला धरून नेऊन "हे बघ, हे तुझे नाव" असे दाखवता यावे. राजापूरची अर्जुना, चिपळूणची वाशिष्ठी, रत्नागिरीची काजळी या आपल्या नद्यांची नावे किती जणांनी मुलींना दिली आहेत?

शततारका नक्षत्राचे चौथे चरण, म्हणून 'सू' अक्षर आले होते. आईने परसाकडे पाहत "सुरंगी" म्हटले आणि पुढे म्हणाली, "नाव घेतला की वास येवक होयो." सुरंगी हे आमच्या परसातले सुवासिक फुलांचे झाड. तिच्या कळ्या थेट फांदीच्या लाकडाला चिकटून येतात, त्या पूर्ण उमलण्याआधी पहाटेच काढाव्या लागतात, आणि त्यांचा वळेसर, म्हणजे गजरा, सुकला तरी कपाटातल्या लुगड्यांना कितीतरी दिवस वास राहतो. दादाला मात्र शाळेत मुले 'सुरुंग' म्हणून चिडवतील अशी काळजी वाटत होती. ती काळजी खोटी नव्हती. पण चिडवायला मुलांना कोणतेही नाव पुरते, हे त्याला शेवटी पटले.

माझा खरा आग्रह होता तो नोंदीबद्दल. माझे नाव अबोली. शाळेच्या पटावर कोणीतरी 'आंबोली' लिहिले, फुलाचे घाटातले गाव झाले, तीच चूक दहावीच्या प्रमाणपत्रावर उतरली आणि मला राजपत्रात नावबदल छापून आणावा लागला. अनोळखी नाव लिहिणारा माणूस ओळखीच्या शब्दाकडे वळतो, म्हणून वेगळे नाव ठेवणाऱ्यांनी देवनागरी आणि इंग्रजी अशी दोन्ही अक्षरे स्वतः लिहून द्यावीत. घाईही करू नये. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी बाळाचे नाव वर्षभरात विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. आता तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे हाच जन्मदाखला ग्राह्य धरला जातो, तेव्हा त्यातली एक वेलांटीही चुकून चालणार नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव येते, याचा मला विशेष आनंद आहे.

बाराव्या दिवशी वहिनीने तिला पाळण्यात ठेवले, मी वाकून कानात तीनदा "सुरंगी" म्हटले आणि माझ्या पाठीवर रीतीप्रमाणे धपाटे पडले. परसातले झाड फाल्गुनात फुलेल, तेव्हा पहिला वळेसर तिच्या पाळण्याला बांधायचा असे आईने आताच ठरवून ठेवले आहे.