कर्ज किती आहे ते नंतर, आधी कोणत्या चलनात आहे ते बघा

विकसनशील देशांच्या कर्जाचा विषय निघाला की लगेच 'जीडीपीच्या किती टक्के' हा प्रश्न येतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की हप्ता कोणत्या चलनात फेडायचाय आणि ते चलन देशात येतं कुठून.

झांबियाचं एकच कर्ज घ्या. 2014 मध्ये त्यांनी 100 कोटी डॉलरचे रोखे विकले. मुदत 10 वर्षं, व्याज 8.5 टक्के, म्हणजे दर सहा महिन्यांनी 4 कोटी 25 लाख डॉलर. तेव्हा डॉलर साधारण 6 क्वाचाला (क्वाचा हे झांबियाचं चलन) होता, म्हणजे हप्ता 25 कोटी क्वाचांच्या आसपास. 2020 अखेर डॉलर 20 क्वाचांच्या पुढे गेला आणि तोच हप्ता 85 कोटींच्या वर पोचला. व्याजदर तसूभरही बदललेला नव्हता! कर मात्र गोळा होतो क्वाचात, आणि शिक्षकांचे पगार, दवाखान्यातली औषधं त्यातूनच भागवायची.

त्यात निर्यातीचा सुमारे 70 टक्के भाग एकट्या तांब्याचा. तांब्याचा भाव पडला की डॉलरची आवक आटते आणि त्यामुळेच क्वाचाही घसरतो. म्हणजे हप्ता महाग होतो तो नेमका हातात डॉलर नसताना. मग मध्यवर्ती बँक चलन सावरायला डॉलर विकते आणि गंगाजळीही खाली जाते. श्रीलंकेने एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जफेड थांबवली, तेव्हा इंधन आणायलाही डॉलर पुरत नव्हते.

झांबियाने नोव्हेंबर 2020 मध्ये याच रोख्याचा हप्ता चुकवला. पुढचं वाचताना संताप येतो. 2021 च्या सुरुवातीला जी-20 च्या 'सामायिक चौकटी'त, म्हणजे गरीब देशांच्या कर्जाची फेररचना करायच्या (फेडीच्या अटी नव्याने ठरवायच्या) व्यवस्थेत, अर्ज केला. नियम असा की किती कर्ज झेपेल ते नाणेनिधी ठरवणार, मग कर्ज देणारी सरकारं सवलतीची हमी देणार, आणि त्यानंतरच नाणेनिधीचा पैसा सुटणार. तो मंजूर व्हायला ऑगस्ट 2022 उजाडला. सरकारांशी समझोता जून 2023 मध्ये. रोखेधारकांशी ठरलेला करार नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारी धनकोंनीच अडवला, कारण खासगीवाल्यांनी आपल्याइतकी सूट दिली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मागणी रास्तच होती, पण भांडण धनकोंचं आणि खोळंबा झांबियाचा. शेवटी ते मिटलं जून 2024 मध्ये.

म्हणून डॉलरचं कर्ज डॉलर कमावणाऱ्या कामालाच घ्यावं. शाळा आणि गावरस्त्यांसाठी देशी चलनातले रोखे काढावेत, व्याज दोन-तीन टक्के जास्त पडलं तरी चालेल. अख्खी मुद्दल एकाच दिवशी परत करायची अट तर टाळाच, ती शेवटच्या तीन-चार वर्षांत विभागून घ्या.

आणि फेररचनेचा अर्ज दाखल झाला की त्याच दिवसापासून सगळ्याच धनकोंची वसुली थांबली पाहिजे, थकबाकीवर व्याज चढता कामा नये. याने पुढची कर्जं महागतील असा आक्षेप घेतात. थोडी महागतीलही. पण आज वाटाघाटी लांबल्याचा फटका फक्त ऋणकोलाच बसतो. वसुली थांबली तर धनकोंनाही घाई होईल.