खुलासा : राजस्थानातून मान्सून परतला म्हणजे कोकणातला पाऊस संपला, असं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय : ‘मान्सून परतला. भात कापा, होड्या बिनधास्त सोडा, आता विमानंही रखडणार नाहीत.’ पहिले दोन शब्दच अर्धवट आहेत.

परतीचा पाऊस पश्चिम राजस्थानातून निघतो. हवामान खात्याच्या सरासरीनुसार साधारण 17 सप्टेंबरला. मुंबईतून निघण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. मधले तीन आठवडे कोकणात मान्सूनचेच. शिवाय ही सरासरी आहे, दरवर्षी पुढेमागे होतेच.

याच दिवसांत दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापून खाचरात पसरलेलं असेल तर नुकसानीला एक सर पुरते. ढग विमानतळाजवळ आला की विमानं घिरट्या घालतात किंवा दुसरीकडे वळतात. म्हणून विमानतळाचा अंदाज वेगळा आणि थोड्या काळापुरताच असतो.

दर्याचं तर आणखी वेगळं. 2021 मध्ये ‘गुलाब’ वादळ 26 सप्टेंबरला पूर्व किनाऱ्यावर, आंध्रात धडकलं, त्याच्या अवशेषांनी मराठवाड्याला झोडपलं, आणि तेच पुढे अरबी समुद्रात ‘शाहीन’ झालं. आंध्रातलं वादळ म्हणून इथल्या तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) दुर्लक्ष केलं असतं तर?

जिल्ह्याचा इशारा आणि मच्छीमारांचा इशारा दोन्ही खात्याच्या संकेतस्थळावर रोज मिळतात. जमिनीवर इशारा नसला तरी समुद्रात असू शकतो, हे बरेच जण विसरतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.