उशिरा यावं, पण ऐटीत

ऑफिसात वेळेवर पोचणं हे हलक्या माणसाचं काम आहे, हे तुम्हाला आतापर्यंत कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. दहाला जागेवर बसलेल्या माणसाची काय गत होते ते बघा. फोन वाजला की त्यानेच उचलायचा. गिऱ्हाइकाची पहिली बोलणी त्यानेच खायची. प्रिंटरमध्ये कागद त्यानेच घालायचा. याउलट पावणेअकराला मोबाइल कानाला लावून, भुवया आक्रसून आत शिरणारा माणूस. त्याला कोण अडवणार? तो घाईत आहे, म्हणजे तो कामात आहे. शिपाईसुद्धा उठून त्याला वाट देतो आणि मग चहा देतो.

तेव्हा उशिरा यायला शिका. या विद्येचं अगदी जवळून दर्शन मला गेल्या मंगळवारी घडलं, म्हणून हा प्रपंच. मी ठाण्यात एका बँकेच्या शाखेत कॅशियर आहे. कुठल्या बँकेत ते विचारू नका. तुमचीच समजा.

सगळ्यात आधी, घर ऑफिसच्या जवळ घ्या. हे वाचून चमकू नका. उशीर लांबच्या माणसाला होतो हा फार मोठा गैरसमज आहे. लांबचा माणूस भित्रा असतो. मी वासिंदहून येते. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडची एक लोकल चुकली तर पुढची कधी येईल ते मोटरमनलाही माहीत नसतं, आणि आली तरी मध्येच तिला बाजूला उभं करून एखादी मेल पुढे काढतात. त्यामुळे आमच्या डब्यातल्या बायका हातात एक गाडी शिल्लक ठेवूनच घर सोडतात. खर्डीची एक जण तर डब्यात बसून भाजी निवडते आणि साडेनऊला मंत्रालयाच्या दारात असते. आमच्या शाखेतले साहेब स्कूटरवर दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. दहा मिनिटांचंच तर आहे, म्हणून ते दहाला अंघोळीला जातात.

कारण एकच ठेवा आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहा. घोडबंदर रोडला राहत असाल तर प्रश्नच मिटला, 'घोडबंदर' एवढा एक शब्द पुरतो, समोरचा आपणहून 'हो हो' म्हणतो. बाकीच्यांनी जरा डोकं चालवावं. मेगाब्लॉकचं कारण सोमवारी देऊ नये, तो रविवारी असतो. आजी एकदाच वारावी.

बायोमेट्रिकला घाबरू नका. 'अंगठा लागत नाही' म्हणा. हयातीच्या दाखल्याला आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचा झिजलेला अंगठा लागतो, तुमचा मात्र लागत नाही.

कुणी फारच टोकलं तर इतिहासाचा आधार घ्या. भारताची प्रमाण वेळ 1906 मध्ये लागू झाली, पण मुंबईकरांनी ती मुकाट्याने घेतली नाही. मुंबईचा आपला वेगळा 'बॉम्बे टाइम' होता, प्रमाण वेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि तो पुढे पन्नासच्या दशकापर्यंत या शहरात टिकून होता. तेव्हा तुम्ही दहा एकोणचाळीसला आलात तर तो उशीर नव्हे, ती परंपरा आहे. आमचे साहेब साधारण तेवढ्यालाच उगवतात. मला वाटतं त्यांना कुणी अजून कळवलेलं नाही.

आता सरकारी नोकरीत असाल तर नियम तुमच्याच सोयीचे आहेत असं समजून वाचा. केंद्र सरकारात महिन्यातून दोनदा तासाभरापर्यंतचा उशीर वरिष्ठांना माफ करता येतो, त्यापुढे अर्धी किरकोळ रजा कापायची असा जुना नियम आहे. जून 2024 मध्ये तर सव्वानऊच्या आत या म्हणून पुन्हा बजावलं. राज्य सरकारने 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि मोबदल्यात वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढवली. यातला शनिवार लगेच अंमलात आला. पावणेदहावर अजून विचार चालू आहे.

आम्ही बँकवाले मागे नाही बरं का. आम्हालाही पाच दिवसांचा आठवडा हवाय, आणि त्या बदल्यात रोज 40 मिनिटं जास्त बसायची तयारी आमच्या संघटनांनी दाखवली आहे. मागणी रास्तच आहे, मी स्वतः घोषणा दिल्यात. पण घोषणा देताना माझ्या पुढच्या रांगेत कोण होतं सांगू? ती 40 मिनिटं रोज सकाळीच वसूल करणारे साहेब. तिथे मात्र वेळेच्या आधी हजर होते.

पुढची सूचना फार महत्त्वाची. उशिरा येण्याआधी हुद्दा वाढवून घ्या. खालच्या हुद्द्यावर उशीर परवडत नाही. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशी कंत्राटावर आहेत. कळव्याहून येतात. मागच्या महिन्यात रेतीबंदरला पाणी साचलं आणि त्या वीस मिनिटं उशिरा आल्या, तर एजन्सीच्या सुपरवायझरने अर्धा दिवस मांडला. जितका वेळ गैरहजर तितक्याच प्रमाणात पैसे कापता येतात, त्याहून जास्त नाही, हे 1936 च्या वेतन कायद्यापासून लिहून ठेवलेलं आहे. पण ते वाचलेला सुपरवायझर मी अजून पाहायचा आहे. त्याच दिवशी साहेब पाऊण तास उशिरा आले. त्यांच्यापुढे रजिस्टर कुणी सरकवायचं? तेच तर रजिस्टर तपासतात. मावशींनी त्यांना चहा नेऊन दिला, अर्ध्या दिवसाच्या पगारात.

मीटिंगला उशिरा जा आणि "कुठपर्यंत आलो?" असं विचारा. सगळं पहिल्यापासून सांगतात.

आणि आता सगळ्यात मोठं गुपित. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ऑफिसात एखादी अशी गोष्ट आपल्या ताब्यात ठेवा जिच्यावाचून कुणाचंच काम सुरू होणार नाही. सही, पासवर्ड, शिक्का. आणि किल्ली असेल तर उत्तमच.

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन लागतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. कुणा एकट्याच्या मनात पाप आलं तरी पैशाला हात लागू नये म्हणून ही सोय आहे. किल्ल्यांचा दुसरा जोड वेगळ्याच शाखेत ठेवलेला असतो, तो असा सकाळी सकाळी मागवता येत नाही. म्हणजे माझी किल्ली दहाला पाच कमी असताना भोकात गेली तरी साहेबांची येईपर्यंत तो लोखंडी दरवाजा माझ्याकडे नुसता बघत बसतो. नोटा आत. सोनेतारणाची पाकिटं आत. बाहेर शटर वर गेलेलं, पंखे चालू, नोटा मोजायचं मशीन चालू, काचेमागे मी, आणि 'रोख व्यवहार 10 वाजता' ही पाटी.

मंगळवारी महिन्याची पहिली तारीख. पेन्शनरांची रांग पायरीपर्यंत. रांगेत पहिली एक बाई. मुलीचा साखरपुडा होता, नाशिकला, दुपारी. पाटल्या आमच्याकडे तारण होत्या. पैसे तिने आदल्या दिवशी दुपारीच भरले, व्याजासकट, पण तोवर साहेब 'फील्डवर' निघून गेलेले आणि तिजोरी बंद. "उद्या दहाला या, पाच मिनिटांत देतो," असं तिला सांगितलं होतं. सांगितलं होतं कुणी? साहेबांनी, फोनवरून. बाई साडेनऊपासून पायरीवर. अंगावर ठेवणीतली साडी, बरोबर भाऊ, भावाच्या हातात बॅग. पावतीची चौकोनी घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. दहा झाले. सव्वादहा. मी फोन लावला, "निघालोय." साडेदहा. "पोचतोच." मागे कुकरची शिट्टी ऐकू आली हो मला! त्या माणसाच्या घरातल्या कुकरची शिट्टी मी काचेमागे बसून ऐकली आणि बाईला म्हटलं, "निघालेत, वाटेत आहेत." खोटं मी बोलायचं! आणि बाई काय म्हणाली माहितीये? "तुम्हा लोकांना पगार कशाचा मिळतो?" मला! सव्वासहाला घर सोडलेलं मी! तिच्या मागचे आजोबा म्हणाले, "या बायका गप्पा मारत बसतात." कुणाशी मारू गप्पा, तिजोरीशी? तिचा भाऊ काचेवर हात आपटून मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागला. त्या व्हिडिओत कोण आहे? मी आहे. साहेब नाहीत. उशिरा येण्याचा हा खरा फायदा, तुमचा उशीर चालू असताना तुम्ही तिथे नसता. तोंड दुसऱ्याचं असतं.

अकराला दहा कमी असताना साहेब आले. हेल्मेट काढलं. घाम पुसला. "काय ट्रॅफिक!" म्हणाले. तिजोरी उघडली, पाकीट काढलं, वजन, सही, सगळं खरंच पाच मिनिटांत. बाईकडे बघून हसून म्हणाले, "बघा, पाच मिनिटं म्हटलं होतं ना?" आणि बाईने त्यांचे आभार मानले. हात जोडून. माझ्याकडे ढुंकून न बघता गेली. तिला गाडी मिळाली का, साखरपुड्याला पाटल्या हातात पडल्या का, मला माहीत नाही. साहेबांना तर हा प्रश्नच पडलेला नाही.

संध्याकाळी काय झालं तेही ऐका, कारण सकाळचा उशीर सकाळी संपत नाही. सगळी रांग पाऊण तास पुढे सरकली. जेवणाची सुट्टी दहा मिनिटांत उरकली. घाईत एक बंडल दोनदा मोजावं लागलं. रोकड जुळवून तिजोरी बंद करायला परत दोन किल्ल्या लागतातच की, आणि सहाला साहेब म्हणतात, "जरा भरभर आटपा, मला मुलाला क्लासला सोडायचंय." माझी गाडी गेली. पुढची मिळाली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती.

सल्ल्यांची यादी अजून बरीच होती, पण राहू द्या. आता सरळच बोलते.

9 जून 2025 ला सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारातली माणसं खाली पडली. काही जण गेले. सोमवार होता, कामाची वेळ होती. ती माणसं दारात लटकत होती ती हौसेने नाही. कुणाच्या तरी मस्टरवर लेटमार्क लागणार होता म्हणून. ऑफिसांनी वेळा मागेपुढे कराव्यात म्हणून मध्य रेल्वे विनवण्या करतेय. ते करा ना. अकराची वेळ ठरवा, लेखी ठरवा, आम्ही सगळे अकराला येऊ. लांबच्यांचा जीव वाचेल. पण पाटीवर दहा लिहायचं, लांबून येणाऱ्याकडून दहाच वसूल करायचे, आणि तुम्ही दहा मिनिटांवरून पावणेअकराला यायचं? लाज वाटायला हवी.

'होतो कधी कधी उशीर' म्हणू नका. कधीतरी होतो तो सगळ्यांनाच होतो. मूल आजारी पडतं, टायर पंक्चर होतो. त्याबद्दल कुणी एक शब्द काढत नाही. रोज त्याच वेळेला होतो तो उशीर नाही, ती तुम्ही ठरवलेली वेळ आहे. स्वतःपुरती ठरवलेली. तिचे पैसे दुसरे भरतात. मावशी भरतात, मी भरते, ती पाटल्यांवाली बाई भरते.

आणि वेळेवर यायला काही फार मोठी साधना लागत नाही. रात्री बॅग भरून ठेवा. किल्ली बॅगेत ठेवा. दहाला पोचायचं असेल तर पावणेदहाचं ठरवून निघा, दहाचं ठरवून नाही. उशीर होणारच असेल तर साडेनऊला फोन करा आणि खरं सांगा, म्हणजे मला रांगेतल्या माणसांना खरं सांगता येईल, त्यातल्या कुणाला घरी जाऊन परत येता येईल. 'निघालोय' हा शब्द पायात चप्पल असल्याशिवाय उच्चारू नका.

एवढंही जमत नसेल तर किल्ली सोडा. किल्ली दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची पद्धत आहे, त्याला रजिस्टर आहे. शाखेत दुसरी अधिकारी आहे, नवीन पोरगी आहे, डोंबिवलीहून येते आणि पावणेदहाला जागेवर असते. तिच्या नावावर करा. नोंद मी लिहून ठेवली आहे, तुमच्या टेबलावर पेपरवेटखाली. खाली सही करा.